भिशीचे पैसे आणि वर्षाचं कडधान्य

पत्र: काकू, आम्ही चाकणला भाड्याच्या वन रूम किचनमध्ये राहतो. मिस्टरांचं कॉन्ट्रॅक्टचं काम दोन महिन्यांमागं सुटलं, आता मिळेल तिथं रोजानं जातात. मी घरी बसून ब्लाउज, फॉल-पिको करते. मुलगा झेडपीच्या शाळेत चौथीत आहे, मुलगी अंगणवाडीत जाते आणि सासूबाई आमच्याजवळच असतात, त्यांना शुगर आहे. पुढच्या महिन्यात मला १५ हजारांची भिशी लागणार आहे. मी एक व्हिडिओ बघितला, त्यात एक बाई वर्षाचं सगळं कडधान्य होलसेलमधून एकदम भरून ठेवते आणि म्हणते की महिन्याचा किराणा निम्मा झाला. मला वाटतंय भिशीचे सगळे पैसे त्यातच घालावेत, निदान वर्षभर पोटाची तरी काळजी नको. पण सासूबाई म्हणतात कडधान्यानं त्यांचं पोट फुगतं, मुलं उसळ बघितली की तोंड वाकडं करतात, आणि मिस्टर म्हणतात एवढं ठेवणार कुठं. रेशन कार्ड परभणीकडं गावाला आहे, माल दीर उचलतात. काय करू?

अगं, आधी ते १५ हजार बाजूला ठेव. सगळे तर नाहीच नाही, निम्मेसुद्धा धान्यात घालू नकोस. घरात पगार येत नाहीये, रोजाचं काम आज आहे उद्या नाही, अशा वेळी हातात रोख असणं हीच मोठी गोष्ट असते. घरमालक भाड्याच्या बदल्यात हरभरे घेणार नाही, आणि पोराला ताप आला तर मेडिकलवाला मटकी मोजून घेत नाही. कडधान्यावर घर चालवायचं हे तू बरोबरच ठरवलंयस, त्यात माझं काहीच म्हणणं नाही, मांसमटण आणि भाज्यांच्या मानानं पोटभर आणि ताकदीचं खायचं तर एवढं स्वस्त दुसरं काही नाही. फक्त वर्षाचं एकदम, हे तुझ्यासाठी नाही.

तो व्हिडिओ मी बघितला नाही पण असे भरपूर बघितलेत, त्यात मागं कायम एक मोठी स्टोअर रूम दिसते किंवा गच्ची दिसते. आपल्याकडं पूर्वी चैत्र-वैशाखात वर्षाची बेगमी करायचे ती घरं कशी होती बघ की, अंगण होतं, उन्हात पसरायला जागा होती, कणग्या होत्या, आणि माल बऱ्याचदा घरच्याच शेतातला असायचा, म्हणजे रोख पैसा अडकत नव्हता. तुझ्याकडं यातलं काहीच नाहीये आणि वर पावसाळ्यात भिंतीला ओल येत असणार.

आता किती लागतं ते मोजू, कारण ‘वर्षाचं’ म्हणजे नेमकं किती हेच लोक मोजत नाहीत आणि मग अंदाजानं पोती आणतात. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य सांगते, कच्च्या वजनाचं बरं का. तुमच्यात मोठी तिघं, त्यातल्या एक म्हाताऱ्या, दोन लहान, म्हणजे घराला दिवसाला ३०० ते ३२५ ग्रॅम धर. महिन्याला नऊ-दहा किलो झालं, डाळी धरून. वर्षाचं झालं ११०-१२० किलो, म्हणजे ३० किलोच्या चार गोण्या. वन रूम किचनमध्ये चार गोण्या ठेवल्यावर शिलाई मशीन कुठं ठेवणार तू? मिस्टरांचं बरोबर आहे, सांग त्यांना.

आणि भाव गोणीचा बघू नकोस, ताटात पडलं त्याचा बघ. समज १०० रुपये किलोनं १० किलो मटकी आणली, हजार रुपये गेले, आणि श्रावणापर्यंत त्यातली दोन किलो भुंग्यांनी खाल्ली, तर उरलेली आठ किलो तुला १२५ रुपयांनी पडली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून महिन्याच्या महिन्याला घेतली असतीस तर तेवढ्यातच मिळाली असती, वर निवडत बसायचा त्रास वाचला असता. तसंच गाडीभाड्याचं आहे. पुण्यात मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात भाव नक्कीच कमी असतो, पण समजा किलोमागं १५ रुपये वाचले आणि तू १० किलो आणलंस तर दीडशे रुपये वाचले, त्यातून जाण्यायेण्याचं भाडं वजा कर, ओझं घेऊन परत येताना रिक्षा केलीस तर तेही वजा कर, आणि त्या दिवशी मशीन बंद राहिलं त्याचे ब्लाउजचे पैसेही वजा कर. काय उरलं?

हां, पण भिशीतल्या तुम्ही चौघी-पाचजणी मिळून गेलात तर हिशोब पूर्ण बदलतो. गोणी फोडून वाटून घ्यायची, टेम्पोचं भाडं वाटून घ्यायचं, आणि प्रत्येकीच्या घरी दोन-तीन महिन्यांचंच जातं. म्हणजे होलसेलचा भाव पण मिळाला आणि साठवायची कटकट पण नाही. मला विचारशील तर तुझ्या भिशीत पैशांपेक्षा या बायकाच जास्त कामाच्या आहेत. तीन महिन्यांचं भरायला तीन हजाराच्या आसपास लागतील, तेवढे काढ आणि बाकीचे पोस्टात नाहीतर बँकेत टाक, घरातल्या डब्यात ठेवू नकोस, डब्यातले पैसे उडतात.

पण हे सगळं करायच्या आधी रेशनचं बघ. तुझ्या पत्रातली सगळ्यात महागडी ओळ तीच आहे आणि तू ती शेवटी सहज लिहून टाकलीयस. तुमचं कार्ड केशरी असून प्राधान्य कुटुंबात असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. पाच माणसांचं २५ किलो गहू-तांदूळ झालं की गं महिन्याला! (कार्ड पिवळं आणि अंत्योदयचं असेल तर माणशी नाही, कार्डामागं ३५ किलो.) आणि ते घ्यायला परभणीला जायला लागत नाही, वन नेशन वन रेशन कार्डमुळं चाकणच्या रेशन दुकानातसुद्धा अंगठा लावून घेता येतं. गावाकडच्यांनी त्यांच्या वाटणीचं तिकडं घ्यायचं, तुम्ही तुमच्या वाटणीचं इकडं, एकाच कार्डावर असं करता येतं. फक्त दोन गोष्टी तपास. तुझं आणि दोन्ही मुलांची नावं कार्डावर चढलीयत का, कारण बऱ्याच घरांत लग्न होऊन आलेल्या सुनेचंच नाव चढवायचं राहिलेलं असतं, मुलांचं तर सोडच. आणि सगळ्यांचं ई-केवायसी झालंय का. दिरांशी बोलायला अवघड जाईल हे कळतंय मला, तर ते काम मिस्टरांवर किंवा सरळ सासूबाईंवर सोपव, आई बोलली की भाऊ ऐकतात. भांडायचं नाही, एवढंच सांगायचं की काम सुटलंय आणि आमच्या वाटणीचं आम्ही इकडं घेतो.

आणि मुलगा शाळेत जेवतो ना? पोरगी अंगणवाडीत? काही आया डबा देऊन पाठवतात कारण शाळेची खिचडी खाणं त्यांना कमीपणाचं वाटतं. तसं करू नकोस. ते त्यांच्या हक्काचं आहे, पहिली ते आठवीपर्यंत शाळेत दुपारचं जेवण मिळतं आणि अंगणवाडीत सहा वर्षांपर्यंत, आणि त्यात डाळ-कडधान्य असतंच. घरात नाक मुरडणारी पोरं शाळेत रांगेत बसून तीच मटकी घातलेली खिचडी गपगुमान खातात, बाईंना विचारून बघ.

मग घ्यायचं काय. तूर डाळीवर अडून बसू नकोस. आपल्याला वरण म्हणजे तूरच लागते आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त वरखाली होते, २०१५ ला दोनशेच्या घरात गेली होती आठवतंय का. आपल्या देशात पिकते ती पुरत नाही, म्यानमार आणि मोझांबिकमधून आणायला लागते, पाऊस हुकला की भाव चढलाच. मसूर डाळ बहुतेक वेळा तुरीपेक्षा स्वस्त असते, निम्मी तूर निम्मी मसूर असं वरण लाव, हिंग-लसणाची फोडणी दिलीस की घरात कुणाच्या लक्षातही येत नाही, शिवाय मसूर पटकन शिजते म्हणजे गॅस वाचतो. मग हरभरा. आत्ता जानेवारी चाललाय, नवी तूर बाजारात यायला लागलीय, हरभरा फेब्रुवारीच्या शेवटापासून मराठवाड्यातून यायला लागेल, आणि परभणीकडं तर तो दारातच पिकतो. होळीच्या सुमाराला कुणी गावाहून येणार असेल तर दहा-पंधरा किलो हरभरा तिकडूनच मागव. त्यातला थोडा अख्खा ठेव, थोड्याची डाळ करून घे आणि थोडं बेसन दळून आण. घरचं बेसन असलं की पिठलं, धिरडी, झुणका, कशालाच अडत नाही आणि विकतच्या बेसनात काय मिसळलंय याची शंका नको.

अख्खा मसूर हे माझं सगळ्यात आवडतं, कोल्हापूर-सांगलीकडं ढाब्यावर अख्खा मसूर आणि रोटी खायला लोक गाड्या काढून जातात आणि आपण घरी त्याला गरिबाचं समजतो. भिजवला नाही तरी चालतो, कांदा-खोबरं भाजून वाटण लावलं की झालं. मटकी आणि मूग मोडासाठी. चवळी थोडी. हुलगे तुझ्या सासूबाईंना नक्की माहिती असणार, त्यांना शेंगोळे करायला सांग, थंडीत तर फारच छान लागतात. राजमा मात्र या यादीतून काढ, भिजायला आणि शिजायला वेळ खातो, आणि तो अर्धाकच्चा राहिला तर उलट्या-जुलाब होतात, लहान मुलं असताना नकोच ती भानगड. कधी केलासच तर रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, बोटानं चिरडला जाईपर्यंत कुकरला शिजव.

मोडाचं तुला माहितीच असेल तरी सांगते, कारण खरी बचत इथंच होते. बाजारात मोड आलेली मटकी वाट्यानं विकतात, त्यात निम्म्याहून जास्त पैसे आपण पाण्याचे देतो. अर्धा किलो सुकी मटकी घरी भिजवलीस तर मोड येऊन सव्वा किलोच्या आसपास होते. सकाळी धुऊन भरपूर पाण्यात भिजत घाल, संध्याकाळी पाणी पूर्ण निथळू दे, अगदी चाळणीत दहा-पंधरा मिनिटं राहू दे, कारण घाण वास येतो तो राहिलेल्या पाण्यामुळंच. मग जुन्या पंचाच्या ओल्या पिळलेल्या फडक्यात गच्च बांध आणि पातेल्यात झाकून ठेव. सकाळी फडक्यातून मोड बाहेर डोकावायला लागतात. थंडीत मोड धरत नसतील तर पुरचुंडी रिकाम्या कुकरमध्ये झाकण लावून शेगडीजवळ ठेव, आणि मे महिन्यात उलट, चार-पाच तासांनी एकदा उघडून बघ नाहीतर चिकट होते.

गॅसचं म्हणजे सिलिंडरचं पण बोलू, कारण स्वस्त कडधान्य महागड्या गॅसवर तासभर शिजवलं तर काय उपयोग. अख्खा मसूर सोडला तर रात्री भिजवलेलंच शिजवायचं, न भिजवता कुकरला लावून शिट्ट्या मोजत बसायचं नाही. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक, आणि बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्यायची, त्या वाफेवरही ते शिजतच असतं. चिंच, टोमॅटो, आमसूल काहीही आंबट आधी घालू नकोस, दाणा कडक राहतो, शिजल्यावर फोडणीत घाल. चाकणला बोअरचं पाणी असेल तर हरभरा लवकर मऊ होत नाही, मग पिण्याच्या पाण्यात भिजव, नाहीच झाला तर चिमूटभर खायचा सोडा, पण रोज नको, सोड्यानं त्यातली जीवनसत्त्वं जातात. आणि एकदाच दोन दिवसांचा हरभरा शिजवून घे, आज उसळ, उद्या त्यातलाच थोडा ठेचून आमटीत.

सासूबाईंचा गॅस. त्या खोटं बोलत नाहीयेत गं, कडधान्यात अशा काही साखरा असतात की ज्या आपल्या पोटात पचत नाहीत, त्या आतड्यात जाऊन आंबतात आणि वायू धरतो. भिजवलेलं पाणी फेकून दिलं की त्यातल्या बऱ्याच निघून जातात, मोड आले की अजून कमी होतात. त्यांना सुरुवातीला मुगाचं आणि मसुराचंच दे, वाटीभर नको, अर्धी वाटी, मऊ शिजवून, हिंग आणि ओवा घालून, आणि रात्री उशिरा नको. दोन-तीन आठवड्यांत पोटाला सवय होते. हरभरा आणि वाल त्यांना सगळ्यात शेवटी. शुगरसाठी तर हे चांगलंच आहे, भातापेक्षा उसळीनं शुगर सावकाश चढते, पण जेवणात असा मोठा बदल केला की डॉक्टरांना सांगायला हवं, गोळ्या चालू असतील तर त्यांचा डोस बघावा लागतो. आणि डॉक्टरांनी कधी किडनी जपायला सांगितली असेल तर डाळ-कडधान्य किती खायचं ते त्यांनाच विचार, माझ्या भरवशावर वाढवू नकोस.

मुलांना उसळ म्हणून समोर ठेवलीस की ती नाही म्हणणारच, त्यांना उसळ ही दिसते ना. दिसूच देऊ नकोस. भिजवलेले मूग वाटून धिरडी काढ, शिजलेला हरभरा कुस्करून कणकेत मळून थालीपीठ लाव, वरणफळं कर, माझ्या बघण्यात वरणफळं नको म्हणणारं पोर अजून आलेलं नाही. आणि भात-पोळीशिवाय नुसतं कडधान्य नको, नुसता भातही नको, दोन्ही एकत्र असलं की धान्यात जे कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीत कमी असतं ते धान्यात, म्हणून आपलं वरण-भात आणि खिचडी हे पोराच्या अंगाला लागतं. वरून लिंबू पिळायचं, लोह अंगी लागतं, आणि तुम्ही मोठ्यांनी जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही, चहानं तेच लोह वाया जातं. एक गोष्ट कडधान्यात अजिबात नसते, बी-१२. त्यासाठी दूध-दही किंवा अंडी थोडी तरी ठेवायलाच लागतील, किराण्यात पैसे वाचवलेस त्यातून आठवड्याची अंडी आण, ती कापू नकोस.

साठवणीचं थोडक्यात सांगते. माल घेताना मूठभर हातात घेऊन उजेडात बघ, दाण्यावर बारीक पांढरे ठिपके चिकटलेले दिसले तर ती भुंग्याची अंडी असतात, भोक असेल तर भुंगा निघूनही गेला. अंडी कधीकधी शेतातूनच येतात, म्हणून दुकानदाराशी भांडून उपयोग नाही, ते पोतं घ्यायचंच नाही. अख्ख्या मूग-मटकी-चवळीला जास्त धोका, डाळींना कमी, म्हणजे पावसाळ्यापर्यंत पुरवायचं असेल तर डाळी जास्त आणि अख्खं कमी घे. आणल्यावर बिल्डिंगच्या गच्चीवर दोन-तीन दिवस कडक ऊन दाखव, पातळ पसरून, संध्याकाळी गार झाल्यावर कोरड्या डब्यात काठोकाठ भर, रिकामी जागा जेवढी कमी तेवढं बरं. तूर डाळीला किलोला छोटा चमचाभर एरंडेल चोळून ठेवतात ते चांगलं आहे, वापरताना गरम पाण्यानं धुऊन घ्यायची. कडुनिंबाचा वाळलेला पाला घाल. डबे दोन कर, एक मोठा साठ्याचा आणि एक आठवड्याचा, मोठा रोज उघडायचा नाही.

आणि हे नीट वाच. कुणी सांगेल धान्यात टाकायच्या गोळ्या मिळतात, एक गोळी टाक, वर्षभर किडा लागत नाही. त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतात, गोदामासाठी, त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद खोलीत माणसं मरतात त्यानं. तुमची एकच खोली आहे, तिथंच मुलं झोपतात. पाऱ्याच्या गोळ्यापण नकोत.

पुढच्या महिन्यात भिशी लागायच्या आधीच एक काम कर, चार किलोचाच माल आण, एक किलो तूर-मसूर मिसळून, एक हरभरा, एक मटकी, एक अख्खा मसूर, आणि कॅलेंडरवर लिही कुठला डबा कधी संपला. जो आधी संपेल तो होलसेलमध्ये घ्यायचा आणि जो तसाच राहील तो कितीही स्वस्त मिळाला तरी नाही. तोपर्यंत मिस्टरांना रेशन दुकानात अंगठा लावून यायला सांग, महिनाअखेरीला गर्दी होते.